पंधरा, वीस, चाळीस

“ऐका, ऐका. आता हे ऐका,” मी म्हणालो आणि कौसल्या ऐवळेचा पेपर चष्म्यासमोर धरला.

एप्रिलची दुपार होती आणि शिक्षकांच्या खोलीवरचा पत्रा तापला होता. नववीचे पेपर तपासायला घेतले की दुपारच्या चहाला निवडक उत्तरं मोठ्यानं वाचायची, हा आमच्या शाळेचा जुना रिवाज. कुणी गोदावरी अरबी समुद्रात नेऊन सोडलेली असायची, कुणी बेडकाला चार कप्प्यांचं हृदय देऊन त्याला बढती दिलेली असायची. गणिताची पाळी आली की सगळे सरसावून बसत, कारण चौगुले सरांचं वाचन रंगतं, असं सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं.

“प्रश्न काय? एका त्रिकोणी शेताच्या बाजू पंधरा मीटर, वीस मीटर आणि चाळीस मीटर आहेत. त्याला तारेचं तिहेरी कुंपण घालायचं, तर एकूण तार किती लागेल? गुण चार. आता हा प्रश्न मी कुणासाठी घातलाय? ढ गोळ्यांसाठी. तीन आकडे मिळवा, तिनानं गुणा, दोनशे पंचवीस मीटर लिहा आणि सुटा. देवळातली खिरापत आहे ती. हात पुढं केला की मिळते. आणि ही बाई काय लिहिते?”

मी जरा थांबलो. कुठं थांबायचं ते मला बरोबर कळत असे.

“‘कंपास दोनदा लावून बघितला. दोन्ही कंस भेटत नाहीत. असं शेत नसतं.’”

मोठा हशा झाला. इतिहासाच्या बाईंचा चहा बशीत सांडला. पी.टी.चे सर म्हणाले, “तिला शेतातलं काय कळतंय? बाप बँडवाला.” त्यावर पुन्हा हशा झाला.

चित्रकलेच्या कुंभोजकरांनी पेपर हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. गरीब माणूस. शाळेत त्यांच्या विषयाला जेवढी किंमत होती, तेवढीच त्यांना होती. ते म्हणाले, “कंस मात्र सुबक काढलेत हो पोरीनं. रेघ कुठं जाड नाही, बारीक नाही. आणि भेटत नाहीत खरंच.”

“मग चार गुण तुम्ही द्या, चित्रकलेत,” मी म्हणालो. पेपर परत घेतला आणि त्या आकृतीवरच लाल शाईनं शून्य काढलं. शून्य मी नेहमी मोठं काढत असे, विद्यार्थ्याला लांबून दिसावं म्हणून.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी, भूपाल चौगुले, त्या शाळेत चौदा वर्षं गणित शिकवत होतो आणि दहावीला माझ्या विषयाचा निकाल सलग अकरा वर्षं शंभर टक्के लागत होता. फाटकावर तसा फलक होता. तालुक्यातल्या बाकीच्या शाळांची पोरं गणितात आपटतात आणि आमचीच कशी तरतात, असं लोक विचारत, तेव्हा मी नम्रपणे हसत असे.

निकालाचं गुपित दोन गोष्टींत होतं आणि दोन्हींमध्ये गणित नव्हतं.

पहिली माझी चाळिशी. बोर्डाचे जुने पेपर आणि पुस्तक चाळून मी चाळीस गणितं-विधानं काढली होती, पायऱ्यांसकट सायक्लोस्टाइल केली होती आणि ती पोरांकडून पाठ करून घेत होतो. ‘समजा’पासून ‘म्हणून उत्तर’पर्यंत, मधल्या स्वल्पविरामासकट. प्रमेयाच्या आकृतीत वर ए, डावीकडे बी, उजवीकडे सी. अक्षरं बदलली की पोरं घाबरत, म्हणून मी ती कधीच बदलली नाहीत. कुणी ‘का’ विचारलं तर मी म्हणायचो, “बोर्ड ‘का’ला गुण देत नाही.” वर्ग हसायचा. मेंढरांना हसवणं सोपं असतं. पुढच्यानं मान हलवली की मागची हलवतात. पालक तर त्याहून थोर. वर्षातून एकदा यायचे आणि “आमच्या घराण्यातच गणित नाही बघा सर,” असं अभिमानानं सांगून जायचे, जणू घराण्यात कधी कुणी तुरुंगात गेलेलं नाही असंच सांगत आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे गाळणी. नववीच्या शेवटी मी गणिताचा शंभर गुणांचा पेपर काढायचो. चाळीसच्या खाली जो राहील त्याच्या बापाला बोलवायचं, शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायचा आणि दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आपणच भरून द्यायचा, मोठ्या मायेनं. म्हणजे पोरगं नापास झालं तरी ते आमच्या शाळेचं नसायचं. पन्नासातली आठ-दहा पोरं दरवर्षी अशी गळायची. उरलेली शंभर टक्के पास व्हायची. याला आम्ही गुणवत्ता म्हणत होतो.

कौसल्या ऐवळे त्या वर्षी गाळणीच्या तोंडाशी होती. तिचा बाप मारुती ऐवळे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. पोरगी काळीसावळी, लांब हातांची, तिसऱ्या बाकावर भिंतीला टेकून बसणारी. पाठांतर तिला अजिबात जमत नसे. चाळिशीतलं एक गणितसुद्धा तिला धड पाठ नव्हतं. प्रत्येक गणित घेतलं की ती आधी चित्र काढायची. नळ टाकी भरतोय म्हटलं की टाकी काढायची. दोन गाड्या समोरासमोरून येतात म्हटलं की रूळ काढायची. वेळ संपायचा, पेपर अर्धा राहायचा.

एकदा तिनं विचारलं होतं, “सर, उणे गुणिले उणे अधिक का व्हतं?”

मला ते ठाऊक नव्हतं. खरं तर मलाही ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, “तुझ्या बापाच्या क्लॅरोनेटला अमुकच भोकं का असतात, ते मी विचारतो का?” वर्ग दोन मिनिटं हसला. कौसल्या हसली नाही. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “इचारून सांगते, सर.” तेव्हा वर्ग आणखीनच हसला.

तर त्या पेपरात तिला सदतीस गुण पडले. खिरापतीचे चार घेतले असते तर एकेचाळीस झाले असते आणि ती पार पडली असती. हे बेरीज करतानाच माझ्या लक्षात आलं होतं आणि गंमत वाटली होती. जिथं आंधळ्यालाही गुण मिळतात, तिथं ही बुडली. सोमवारी नववीला पेपर दाखवायचे होते. ते उत्तर वर्गात वाचायचं आणि फळ्यावर लाकडी कंपासनं आकृती काढून तिची हुशारी सगळ्यांसमोर उलगडून दाखवायची, असं मी ठरवलं. ज्याला आपटायचं त्याला आधी नीट उचलावं लागतं. म्हणून रविवारी सकाळी मी घरी प्रमाण ठरवायला बसलो.

पोरीची, म्हणजे माझ्या प्रज्ञाची, कंपासपेटी घेतली. ती सहावीत होती. पाच मीटरला एक सेंटिमीटर धरलं. आठ सेंटिमीटरचा पाया काढला. एका टोकावर कंपास ठेवून तीनचा कंस मारला, दुसऱ्या टोकावरून चारचा मारला. मध्ये एक सेंटिमीटर मोकळं राहिलं.

पेन्सिल घसरली असेल म्हणून परत काढलं. मोकळंच राहिलं. मग मोठा कागद घेतला, प्रमाण दुप्पट केलं. मोकळी जागाही दुप्पट झाली.

प्रज्ञा शेजारी दडपे पोहे खात उभी होती. ती म्हणाली, “पप्पा, त्या दोन बाजू बारक्या पडतात की. पोचतच नाहीत एकमेकींला.”

“बाहेर जाऊन खा,” मी म्हणालो.

पंधरा आणि वीस मिळून पस्तीस. पस्तीसाच्या दोन काठ्या चाळीसाच्या दोन टोकांवर उभ्या केल्या, तर त्या वर भेटणार कशा? हे समजायला बी.एस्सी. लागत नाही, बी.एड. तर नाहीच नाही. सहावीतल्या पोरीला तोंडात पोह्यांचा घास असताना ते दिसलं होतं. अकरा वर्षं मला दिसलं नव्हतं.

हे गणित पुस्तकात होतं तेव्हा बाजू पंधरा, वीस आणि पंचवीस होत्या. चाळिशी स्वतःची वाटावी म्हणून मी पंचवीसचे चाळीस केले होते. बेरीज पंचाहत्तर येते आणि दिसायला बरी दिसते, एवढाच विचार होता. तेव्हापासून सहाशेच्या आसपास पोरांनी त्या शेताला कुंपण घातलं होतं आणि एकालाही ते शेत काढून बघावंसं वाटलं नव्हतं. बघावंसं का वाटेल? मीच तर शिकवलं होतं की बघायचं नसतं.

आणि खरी लाज अजून पुढंच होती. मी नववीचा गठ्ठा सोडला. त्याच पेपरात दुसऱ्या प्रश्नात मीच एक विधान विचारलं होतं, दोन गुणांचं. ‘त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंच्या लांबींची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा जास्त असते.’ चाळिशीतलं एकतिसावं. त्रेपन्न पोरांनी ते तोंडपाठ, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं आणि दोन पानं उलटून त्याच हातानं त्या शेताला दोनशे पंचवीस मीटर तार गुंडाळली होती. पहिल्या नंबराच्या पोरानं तर उत्तराभोवती चौकटही केली होती. एकट्या कौसल्यानं ते विधान कोरं सोडलं होतं. तिला ते आठवलं नव्हतं. ते तिला सापडलं होतं.

सोमवारी मी पेपर दाखवले, पण उत्तर वाचलं नाही. तास सुटल्यावर मुख्याध्यापक मगदूम सरांच्या खोलीत गेलो.

मगदूम सर मराठी शिकवायचे. बोलणं गोड, चाल हळू, आणि शाळेच्या फाटकावरचा फलक दर जूनला स्वतः उभं राहून रंगवून घ्यायचे. मी म्हणालो, “सर, एक घोळ झालाय.”

“कुणाचा?”

“माझा.”

त्यांनी उठून दार लोटलं. मी टेबलावर फूटपट्टी ठेवली आणि तिच्या दोन टोकांना दोन झिजलेल्या पेन्सिली लावून दाखवल्या. पेन्सिली कशाही वळवल्या तरी टोकं भेटेनात. त्यांनी ते लक्ष देऊन पाहिलं.

“म्हणजे प्रश्न चुकला.”

“हो.”

“किती वर्षं आहे हा प्रश्न?”

“अकरा.”

“आणि अकरा वर्षं उत्तर आलं?”

“दोनशे पंचवीस.”

“सगळ्यांचं?”

“सगळ्यांचं.”

 मगदूम सर खरोखरच्या कुतूहलानं म्हणाले, “मग चुकला कुठं ओ, चौगुले?”

मी तेव्हा मनात त्यांची कीव केली. मराठीचा मास्तर, त्याला काय कळतंय. आता वाटतं, त्या शाळेत गणिताविषयीचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच होतं. उत्तर जुळलं की शेत असो नसो, आम्हाला काही फरक पडत नव्हता.

मी म्हणालो, “एक मुलगी बरोबर आहे. ऐवळे. तिला सदतीस आहेत. हे चार धरले तर एकेचाळीस. तिला दाखला देता येणार नाही.”

“मग द्या चार.”

“गुपचूप कसे देणार? पेपर पोरांच्या हातात गेलेत. शून्य सगळ्यांनी बघितलंय. प्रश्न चुकीचा होता, म्हणून सर्वांना गुण, अशी नोटीस लावावी लागेल.”

“लावा की. मी सही करतो. मजकूर तुम्ही लिहा.” त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला.

मी पेन काढलं. ‘इयत्ता नववीच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की,’ इथवर झरझर लिहून झालं. त्यापुढं माझं नाव येत होतं. सर्वांना म्हटलं तरी बाकी त्रेपन्नांना ते चार गुण आधीच मिळाले होते. म्हणजे अख्खी नोटीस एका बँडवाल्याच्या पोरीसाठी लागणार होती. तिच्यात लिहायचं काय, तर चौगुले सर चुकले आणि ती चुकली नाही. ती दुपारपर्यंत शाळेत, संध्याकाळपर्यंत बाजारात आणि दोन दिवसांत तालुक्यातल्या सगळ्या गणिताच्या मास्तरांच्या तोंडी झाली असती. ज्यांच्या निकालावर मी अकरा वर्षं नाक मुरडलं होतं, ते चहा पिताना मला वाचून हसले असते. वाचन कसं रंगतं ते मला ठाऊक होतं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” मगदूम सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. “पण मी काही म्हणत नाही. पेपर तुमचा, पोर तुमची. जूनला तुमची पर्यवेक्षकाची ऑर्डर निघायची आहे, त्याचा नि याचा काही संबंध नाही.”

मी कागदाची घडी करून खिशात घातली. म्हणालो, “उद्यापर्यंत विचार करतो.”

निवृत्तीनंतर मला ‘विद्यार्थ्यांना गणित अवघड का जाते’ या विषयावर बोलायला बोलावतात. मी तीन कारणं सांगतो. सरावाचा अभाव, घरचं वातावरण आणि मोबाइल. समोर बसलेले मास्तर वह्यांत उतरवून घेतात. उतरवून घ्यायची सवय जाता जात नाही. शेवटी शाल मिळते, नारळ मिळतो. त्या मंगळवारचं मी कुठल्याच व्यासपीठावर सांगितलेलं नाही.

मंगळवारी अकरा वाजता मारुती ऐवळे पोरीला घेऊन आला. लग्नसराई होती, संध्याकाळी कुठंतरी वरात होती, त्यामुळं घाईत होता. काखेत क्लॅरोनेटची पेटी होती. खुर्ची पुढं केली तरी तो बसला नाही. कौसल्या त्याच्या मागं उभी होती, दोन्ही हातांत कंपासपेटी धरून.

मगदूम सरांनी नेहमीचं बोलणं सुरू केलं. शाळा सुटत नाही, फक्त नाव बाहेर जातं. दाखला घ्यायचा, सतरा नंबरचा फॉर्म आम्ही भरून देतो, घरी अभ्यास करायचा आणि मार्चला परीक्षेला बसायचं.

“घरी कोन शिकीवनार, सायेब?” मारुती म्हणाला. “मला सुरातलं इचारा, सांगतो. ह्यातलं काय कळतंय आमास्नी? तसं आसंल तर इचलकरंजीला तिच्या आत्याकडं धाडतो. तितं मागाच्या कांड्या भराय बाया लागत्यात. वरीस वाया तरी जायाचं न्हाई.”

“मला न्हाई जायचं,” कौसल्या म्हणाली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. “सर, मला हितंच बसायचंय. तीनच गुण कमी हायत.”

“नियम सगळ्यांना सारखा असतो, बाळ,” मगदूम सर म्हणाले.

मग ती माझ्याकडं वळली. “सर, त्या कुंपणाच्या गणितात मला शून्य हाय. मी पेपर मिळाल्यावर परत बघितलं. काल अंगणात दोरी घिऊन मोठं काढलं. खुट्टा रोवून. दोन्हीकडनं दोरी फिरिवली, पर कंस भेटतच न्हाईत. मधी जागा ऱ्हाती.” तिनं कंपासपेटी उघडून टेबलावर माझ्यासमोर ठेवली. “तुमी काढून दावा, सर. निघाला तर मी गप जाते. माझं काय म्हननं न्हाई.”

 मगदूम सर आपल्या पेनचं टोपण बघत होते. माझ्या सदऱ्याच्या खिशात ती अर्धी नोटीस होती, कालची. ती काढायची, टेबलावर ठेवायची आणि चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. पोरगी शाळेत राहिली असती. मी आयुष्यात कुणाला दिली नव्हती एवढी मोठी गोष्ट मला चार शब्दांत देता आली असती.

मी मारुतीकडं बघितलं. त्याच्या तोंडावर नुसता धाक होता, आमच्या दोघांचा. असा माणूस समोर असला की खरं बोलण्याची गरज वाटेनाशी होते. हे मी स्वतःबद्दल सांगतो आहे, त्याच्याबद्दल नव्हे.

मी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला. कंपासला हात लावला नाही. पट्टीही घेतली नाही. चौदा वर्षं फळ्यावर हातानं त्रिकोण काढलेला माणूस मी. एका झटक्यात तीन रेघा ओढल्या, छान टोकदार त्रिकोण काढला आणि बाजूंवर आकडे घातले. पंधरा, वीस, चाळीस.

“हा बघ,” मी म्हणालो. “निघाला.”

कौसल्या कागदावर वाकली. “सर, कंपास लावून...”

“कंपास शिकाऊ लोकांसाठी असतो.”

“बग,” मारुती तिला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरा आनंद होता. “सरांनी एका दमात काढला. आनि तू खुट्टं रवत बसलीस.”

 तिनं पेटीतली सहा इंची पट्टी काढली आणि माझ्या आकृतीच्या चाळीसच्या बाजूवर ठेवायला घेतली. आणखी क्षणभरात तिनं मोजलं असतं. पंधराची बाजू मोजली असती, वीसची मोजली असती, आणि मग तिला सगळं कळलं असतं, गणितातलं आणि माझ्यातलं.

मारुतीनं तिच्या हातावर फटका मारला. पट्टी खाली पडली.

“सरांचं मोजतीस व्हय? लाज हाय का न्हाई?” तो म्हणाला आणि माझ्यासमोर हात जोडले. “ल्हान हाय, सर. मनावर घिऊ नगा.”

“असू दे,” मी म्हणालो. मी तिला माफसुद्धा केलं. मला लाज वाटत होती, आणि तरीही सुटल्याचा आनंद त्या लाजेपेक्षा मोठा होता. हे लिहितानाही मला माझी किळस येते, पण तेव्हा तो आनंदच होता.

मगदूम सरांनी दाखल्याचा अर्ज पुढं केला. मारुतीनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर जुळवत. मग शाईचा अंगठा लागतो का, म्हणून विचारलं. लागत नाही म्हटल्यावर त्यानं क्लॅरोनेट काखेत घेतलं आणि सायकल आणायला फाटकाकडं गेला.

मी व्हरांड्यात आलो. मला तास होता. कौसल्या खांबापाशी उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर मला रागावता आलं असतं.

“सर,” ती म्हणाली.

“काय?”

“अख्ख्या पेपरात मला तेवढंच एक कळलं हुतं. म्हंजे, तसं वाटलं हुतं.”

तीही वेळ होती. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. नोटीस अजून खिशातच होती. मारुती फाटकापाशी सायकलीची चेन बसवत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

“कळून घ्यायचं नसतं,” मी म्हणालो. “पाठ करायचं असतं.”

तिनं मान हलवली. वर्षभर तिनं माझ्या कुठल्याच सांगण्याला अशी मान हलवली नव्हती.  मग तिनं मगदूम सरांच्या खोलीकडं बोट केलं.

“टेबलावर तुमी काढलेला त्रिकोन हाय, सर. त्यो कागद न्हेऊ का? मी पाठ करते.”

मी आत गेलो आणि तो कागद आणून तिच्या हातात दिला.